वजनाचं ऑपरेशन करू की नको: नेर तालुक्यातल्या ताईंना सविस्तर उत्तर

ताई, तुमचा मेसेज पूर्ण वाचला. बाकीच्यांना कळावं म्हणून आधी थोडक्यात सांगतो. ताई ३६ वर्षांच्या, यवतमाळ जिल्ह्यात नेर तालुक्यात राहतात, उंची १५५ सेंटिमीटर, वजन १०६ किलो. सहा वर्षांपासून शुगर आहे, आधी गोळ्यांवर होती, वर्षभरापासून इन्सुलिन पण लागलं. एचबीएवनसी (तीन महिन्यांच्या शुगरची सरासरी सांगणारी तपासणी) ९.४, हिमोग्लोबिन ९.१, गुडघे दुखतात, अॅसिडिटीचा त्रास आहे आणि घोरणं इतकं की घरचे दुसऱ्या खोलीत झोपतात. नागपूरच्या डॉक्टरांनी बॅरिअॅट्रिक सर्जरी, म्हणजे वजन उतरवायचं ऑपरेशन, सांगितली, खर्च साडेतीन लाख. मालक एक एकर विकायला तयार आहेत आणि सासूबाई म्हणतात चांगल्या पोटाले काहून कापता. ताईंचा प्रश्न असा की करू की नको, आणि ते वजन उतरवायचं नवीन इंजेक्शन घेऊन भागणार नाही का.

मी सर्जन नाही, तालुक्याच्या ठिकाणी फिजिशियन आहे. ऑपरेशन नागपूरला होतं, सर्जनचं काम काही दिवसांत संपतं आणि नंतरची कित्येक वर्षं तो पेशंट माझ्या ओपीडीत बसलेला असतो, त्यामुळे माझं मत थोडं त्या बाजूनं झुकलेलं आहे हे लक्षात ठेवूनच पुढचं वाचा.

सरळ उत्तर आधी देतो. मेडिकली तुम्ही बसता, आणि तुमच्या जागी माझी बहीण असती तर मी तिला कर म्हटलं असतं. पण या महिन्यात नाही, जमीन विकून नाही, आणि नंतरचं सगळं गावात राहून निभेल याची खात्री झाल्याशिवाय तर अजिबात नाही.

बसता म्हणजे काय ते बघा. तुमचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजन किती त्याचा आकडा, येतो ४४. आधीचा नियम १९९१ सालचा होता, बीएमआय ४० च्या वर असेल तर सर्जरी, किंवा ३५ च्या वर असून सोबत शुगर-बीपीसारखं दुखणं असेल तर. २०२२ मध्ये अमेरिकेतल्या आणि जागतिक बॅरिअॅट्रिक सर्जन संघटनांनी मिळून तो खाली आणला, आता ३५ च्या वर असेल तर दुसरा आजार असो नसो विचार करा म्हणतात, शुगर असेल तर ३० पासून, आणि आपल्यासारख्या आशियाई लोकांसाठी आकडे आणखी खालचे, २७.५ पासून, कारण आपली चरबी पोटात साचते आणि शुगर कमी वजनातच धरते. म्हणजे जुना घ्या की नवीन, तुम्ही दोन्हीत बसता. तेव्हा "मी इतकी जाड आहे का" हा प्रश्न सोडून द्या.

आता ऑपरेशनमध्ये करतात काय. लय लोकांना वाटतं की चरबी काढतात. चरबीला हातही लावत नाहीत. स्लीव्ह म्हणतात त्यात दुर्बिणीतून जठराचा साधारण पंचाहत्तर ते ऐंशी टक्के भाग कायमचा काढून टाकतात आणि केळासारखी एक नळी ठेवतात. भुकेचं एक हार्मोन मुख्यतः त्या काढलेल्या भागातून तयार होतं, म्हणून जेवण तर कमी जातंच पण भूकच मरते, निदान पहिलं वर्ष-दोन वर्षं. एकदा काढलेलं जठर परत बसवता येत नाही. दुसरं बायपास, त्यात जठराची छोटी पिशवी करून ती थेट खालच्या आतड्याला जोडतात, अन्न वरचं आतडं वगळून जातं. त्याचाच एक प्रकार मिनी बायपास, आपल्याकडे तो बराच होतो.

वजन किती उतरतं? स्लीव्हमध्ये एकूण वजनाच्या साधारण पाव भाग, बायपासमध्ये ३० टक्क्यांपर्यंत. म्हणजे तुमचं १०६ चं ७५ ते ८० होईल, आणि पुढच्या वर्षांत त्यातलं थोडं परत येतं, जवळपास सगळ्यांचंच येतं. ५५ किलोचा लग्नातला फोटो मनात धरून कोणी टेबलावर झोपत असेल तर त्याची निराशा होणार. पण ७८ किलोवर तुमचे गुडघे, झोप आणि शुगर यांची गोष्ट पूर्ण वेगळी असेल, आणि तुमच्या बाबतीत तेच मिळवायचं आहे.

शुगरबद्दल थोडं जास्त सांगतो, कारण तुमचा निर्णय खरा तिथे आहे. स्वीडनमध्ये १९८७ पासून एक मोठा अभ्यास चालू आहे, त्यात सर्जरी झालेल्यांपैकी ७२ टक्क्यांची शुगर दोन वर्षांनी गेलेली होती, दहा वर्षांनी बघितलं तर ३६ टक्केच उरले. अमेरिकेत क्लीव्हलँडच्या अभ्यासात पाच वर्षांनंतर एचबीएवनसी ६ किंवा त्याखाली राहिलेले बायपासमध्ये २९ टक्के, स्लीव्हमध्ये २३ आणि नुसत्या औषधांवर ५. त्यामुळे "शुगर कायमची बरी" असा बोर्ड कुठे दिसला तर दोन पावलं मागे या. पण उलट बाजूही बघा, ज्यांची पूर्ण गेली नाही त्यांचीही इन्सुलिनवरून एक-दोन गोळ्यांवर आलेली मी बघितली आहे, आणि ती काही कमी गोष्ट नाही. शुगर जितकी जुनी आणि इन्सुलिन जितकं जास्त तितकी जाण्याची शक्यता कमी. तुमची सहा वर्षांची, इन्सुलिन आत्ताच लागलेलं, म्हणजे अजून वेळ गेलेली नाही पण जात चालली आहे. सी-पेप्टाइड नावाची टेस्ट असते, स्वादुपिंडात दम किती उरला ते त्यातून कळतं, ती करून घ्या.

धोका विचारला नाही तुम्ही, पण सासूबाईंच्या मनात तोच आहे म्हणून सांगतो. चांगल्या सेंटरला जीव जाण्याचा धोका हजारात एक ते तीन, पित्ताशयाच्या ऑपरेशनच्या जवळपास. टाके लावलेल्या जागेतून गळती होणं साधारण शंभरात एकाला, पायात गाठ होऊन फुप्फुसात जाणं, रक्तस्राव, हे पहिल्या काही दिवस-आठवड्यांतलं. ताप आला, छातीत धडधड १२० च्या वर, डाव्या खांद्यात दुखतंय, तर गावात गोळी-इंजेक्शन घेत बसायचं नाही, रात्री दोन वाजता का असेना गाडी करून नागपूर.

आता माझा भाग. ऑपरेशननंतर गावात राहून काय करावं लागतं.

पहिलं म्हणजे गोळ्या, आणि त्या जन्मभर. बी-१२, आयर्न, कॅल्शियम, डी, मल्टिव्हिटॅमिन, आणि पहिल्या वर्षी दर तीन महिन्यांनी, नंतर वर्षातून एकदा तरी रक्त तपासणी. वजन उतरलं, बाई खूश झाली, गोळ्या बंद केल्या आणि दोन वर्षांनी हिमोग्लोबिन ६ घेऊन आली, हे माझ्या ओपीडीत नवीन नाही. तुमचं तर आत्ताच ९.१ आहे. ते कशामुळे हे शोधल्याशिवाय आणि भरून काढल्याशिवाय ऑपरेशनची तारीख घ्यायची नाही. मासिक पाळीत जास्त जातं का, मूळव्याध आहे का, जंत आहेत का, आणि आपल्या विदर्भात एक प्रश्न कधीच सोडायचा नाही, सिकलसेल, म्हणजे रक्तपेशींचा आनुवंशिक आजार. भंडारा, गोंदिया, गडचिरोली, चंद्रपूरकडे जास्त आहे पण यवतमाळात पण आहे. सरकारी दवाखान्यात साधी चाचणी होते, पॉझिटिव्ह आली तर पुढची, पक्कं करणारी, इलेक्ट्रोफोरेसिस. भूल देणाऱ्या डॉक्टरला हे आधी माहीत असणं जीवनमरणाचं आहे, आणि सिकल निघाला तर तुमच्या त्या ९.४ वर पण भरवसा ठेवता येत नाही, रक्तपेशीच लवकर मरतात तर आकडा चुकतो.

दुसरं, गावातला डॉक्टर. एक बाई आठवते, स्लीव्ह होऊन दोन-अडीच महिने झालेली. लग्नाच्या पंगतीत घाईत पोळी खाल्ली, अडकली, उलट्या सुरू झाल्या त्या थांबेचनात. दोन आठवडे तशीच होती, गावात तिला रोज ग्लुकोजची बाटली लावत होते, अशक्तपणा आहे म्हणून. माझ्याकडे आणली तेव्हा एकाचे दोन दिसत होते आणि पलंगापासून दारापर्यंत भिंत धरून आली. हे व्हिटॅमिन बी-१ संपल्यामुळे होतं, शरीरात त्याचा साठा दोन-तीन आठवड्यांचाच असतो, आणि तो संपलेला असताना नुसतं ग्लुकोज चढवलं तर मेंदूवर आणखी ताण येतो. शिरेतून थायमिन, म्हणजे हेच बी-१, दिलं, डोळे दोन दिवसांत सुधारले, चाल सुधारायला काही महिने गेले. त्या गावातल्या डॉक्टरची काय चूक काढू, त्याला कोणी सांगितलंच नव्हतं. म्हणून माझ्याकडच्या प्रत्येक सर्जरी पेशंटच्या पर्समध्ये मी एक कार्ड ठेवायला लावतो, मराठीत लिहिलेलं: माझं वजनाचं ऑपरेशन झालं आहे, उलट्या असतील तर सलाईनच्या आधी थायमिन द्या, डायक्लोफेनॅक, ब्रूफेन देऊ नका, या नंबरवर फोन करा.

डायक्लो, ब्रूफेन ही दुखण्यावरची औषधं काहून नको ते पण सांगतो. विशेषतः बायपासनंतर जोडलेल्या जागी अल्सर होतो, तो फुटू शकतो. आणि आपल्याकडे तर निंदण करून आलं, कंबर दुखली की एक सुई मारून घ्यायची पद्धत आहे. ते बंद म्हणजे बंद, दुखलं तर पॅरासिटामॉल. तंबाखूचंही तसंच. तुम्ही लिहिलं नाही, पण खर्रा, नस, गुडाखू काही असेल तर आत्ताच सोडा, ऑपरेशनच्या आदल्या आठवड्यात सोडलेला खर्रा घरी आल्यावर पुन्हा सुरू होतो. दारू बायकांना विचारली की राग येतो, पण पुरुष पेशंट वाचत असतील तर त्यांच्यासाठी, बायपासनंतर दारू पटकन आणि जास्त चढते आणि व्यसनाचा धोका वाढतो. वर्धा जिल्ह्यात १९७४ पासून बंदी आहे म्हणून तिकडच्यांना हा परिच्छेद लागू नाही असं समजू नका.

तिसरं, ताट. पहिले दोन आठवडे पातळ, मग मिक्सरमधलं, मग मऊ, दीड-दोन महिन्यांनी साधं जेवण, पण वाटीभर. रोज ६० ते ८० ग्रॅम प्रोटीन पोटात जायला पाहिजे. एका अंड्यात ६ ग्रॅम, वाटीभर घट्ट वरणात साधारण तेवढंच, आणि तुम्ही एका वेळी खाणार अर्धी वाटी, आता हिशोब करा. अंडं-मटण चालत असेल तर सोपं जातं. घर माळकरी किंवा महानुभाव असेल तर दही, पनीर, मूग, फुटाण्याचं पीठ, आणि सोया वडी, १०० ग्रॅम कोरड्या वडीत ५० ग्रॅमच्या वर प्रोटीन असतं. गंमत बघा, सोयाबीन आपल्या वावरात पिकतं, पोतं न पोतं मार्केट यार्डात जातं, आणि त्याची वडी खायला सांगितली की पेशंट म्हणतो डॉक्टरसाहेब ते आपल्याकडे कोणी खात नाही. आधी वरण-अंडं, मग भाजी, जागा उरली तर चतकोर पोळी. जेवताना पाणी नाही, प्यायचं ते अर्धा तास आधी आणि अर्ध्या तासानंतर. सर्जरीनंतर गोड खाल्लं, विशेषतः बायपासमध्ये, तर घाम, चक्कर, पोटात मुरडा, जुलाब. पुरणपोळीचा एक घास पुरे होतो, पोळ्याच्या दिवशी घरचे आग्रह करतील ते वेगळं.

आणि आग्रह ही खरी अडचण आहे ताई. तीन-चार महिन्यांत गाल आत जातील, केस गळतील (ते परत येतात, घाबरू नका), आणि गावात आधी दबक्या आवाजात आणि मग तोंडावर विचारतील, मोठी बिमारी झाली का हो, पोट्टीनं रूप घालवलं सारं. सासूबाई ताटात अजून एक पोळी टाकतील. प्रेमानंच टाकतील. म्हणून माझं असं आहे की ऑपरेशनआधीच्या भेटीत नवऱ्याला नाही, स्वयंपाकघर जिच्या हातात आहे तिला घेऊन या म्हणतो. तुमच्या सासूबाईंना आणा. "चांगल्या पोटाले काहून कापता" हा प्रश्न त्यांनी सर्जनला समोर बसून विचारावा, तो चांगला प्रश्न आहे, आणि उत्तर ऐकल्यावर त्यांचा विरोध मावळला तर तुमचं निम्मं काम झालं. नाही मावळला तर सहा महिने थांबलेलं परवडतं.

मूल हवं असेल तर ऑपरेशननंतर निदान वर्ष-दीड वर्ष नाही. वजन उतरलं की पाळी नियमित होते आणि दिवस राहण्याची शक्यता वाढते, आणि बायपासनंतर गर्भनिरोधक गोळीवर अवलंबून राहू नका, तांबी किंवा दुसरं काही. मुलं बंद करायचं ऑपरेशन झालेलं असेल तर हे सोडून द्या.

स्लीव्ह की बायपास? इथे तुमची केस अडचणीची आहे. शुगरसाठी बायपास थोडा सरस. अॅसिडिटीसाठी पण, कारण स्लीव्हनंतर छातीतली जळजळ बऱ्याच जणांची वाढते. पण बायपासमध्ये आयर्न, बी-१२, कॅल्शियमची कमतरता जास्त, आणि तुम्ही आधीच ९.१ वर, नागपूर दीडशे किलोमीटरच्या वर लांब, गोळी चुकली की भोगावं लागतं. स्लीव्ह चुका जास्त माफ करतं. मी काय करेन, आधी एंडोस्कोपी (तोंडातून दुर्बीण घालून जठर बघणं) करून बघेन, अन्ननलिका खरंच भाजलेली असेल तर बायपास, नुसती गॅसची तक्रार असेल तर स्लीव्ह. एंडोस्कोपी न करता "आम्ही सगळ्यांना स्लीव्हच करतो" म्हणणाऱ्या ठिकाणी मी पेशंट पाठवत नाही. एंडोस्कोपीतच एच पायलोरी या जठरातल्या जंतूची पण तपासणी होते. आणि तुमच्या घोरण्यासाठी स्लीप स्टडी, झोपेत श्वास थांबत असेल तर ऑपरेशनच्या आधी काही आठवडे मशीन लावून झोपावं लागेल, ते टाळू नका, भूल देताना तिथेच अडतं.

इंजेक्शनचं. मुंजारो (आतलं औषध टिर्झेपाटाइड) भारतात मार्च २०२५ मध्ये आलं, वेगोव्ही (आतलं औषध सेमाग्लुटाइड) जून २०२५ मध्ये. चांगली औषधं आहेत, मी वापरतो. सेमाग्लुटाइडनं सरासरी १५ टक्के वजन उतरतं, टिर्झेपाटाइडच्या मोठ्या डोसवर २० च्या आसपास, म्हणजे सर्जरीच्या बरंच जवळ आलं आहे. पण बंद केलं की वर्षभरात उतरलेल्यातलं दोन तृतीयांश परत येतं असं सेमाग्लुटाइडच्या अभ्यासात दिसलं. म्हणजे वर्षानुवर्षं घ्यायचं, दर महिन्याचा खर्च धरायचा. शिवाय फ्रिज लागतो, आणि आपल्याकडे मे महिन्यात लाईट गेली की फ्रिज पण ओव्हनच. ज्यांचा बीएमआय ३०-३२ आहे त्यांना मी आधी हेच सांगतो. ४४ ला एकट्या इंजेक्शनवर काम भागेल असं मला वाटत नाही, पण ऑपरेशनची तयारी चालू असताना काही महिने घेऊन वजन आणि शुगर खाली आणणं, सर्जनला जठरापर्यंत पोचायला सोपं जावं म्हणून लिव्हर थोडं लहान करणं, हे चांगलं होतं. पैसे असतील तर. नसतील तर ऑपरेशनआधी दोन आठवड्यांचा कमी कॅलरीचा आहार पण लिव्हर लहान करतो आणि त्याला काही लागत नाही.

पैसे. एक एकर विकू नका. मालकांचं प्रेम मला समजतं, पण साडेतीन लाख हा गळती झाली नाही, आयसीयू लागलं नाही तरचा आकडा आहे. त्या हॉस्पिटलकडून लेखी घ्या की पुन्हा आत जावं लागलं तर खर्च कोणाचा. मेडिकल पॉलिसी असेल तर बघा, विमा कंपन्यांवर लक्ष ठेवणाऱ्या आयआरडीएआय या सरकारी संस्थेच्या २०१९ च्या नियमानुसार बीएमआय ४० च्या वर असेल, किंवा ३५ च्या वर आणि सोबत कंट्रोलमध्ये नसलेली शुगर किंवा गंभीर स्लीप अॅप्निया (झोपेत श्वास थांबणं) वगैरे असेल, तर कंपनीला नुसतं लठ्ठपणाचं ऑपरेशन आहे म्हणून नाकारता येत नाही. पण शुगर लपवून पॉलिसी काढली असेल तर क्लेम गेला समजा, आणि आज नवीन काढली तर आधीच्या आजाराला तीन वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं. सरकारी योजनेत बसतं का ते हॉस्पिटलमधल्या आरोग्यमित्राला थेट विचारा, एजंटला नाही. आणि सरकारी किंवा ट्रस्टच्या मेडिकल कॉलेजमध्ये सर्जरी विभागात जाऊन हे ऑपरेशन करता का, किती करता, खर्च किती, हे विचारून या, बोलायला काही पैसे पडत नाहीत.

सर्जनला विचारायचं ते असं, वर्षाला किती करता, मागच्या वर्षी गळती किती झाली, आहारतज्ज्ञ मराठीत बोलणारी आहे का, फॉलोअप फोनवर होतो का आणि माझ्या तालुक्यातल्या डॉक्टरशी तुम्ही बोलाल का. शेवटच्या प्रश्नावर तोंड वाकडं केलं तर दुसरा सर्जन बघा. इन्सुलिन ऑपरेशनच्या दिवसापासूनच कमी करावं लागतं, बीपीची गोळी पण, जुन्याच डोसवर घरी पाठवलं तर शुगर एकदम पडून पेशंट बेशुद्ध येतो, म्हणून आम्ही दोघं एकमेकांशी बोलणं गरजेचं आहे.

तारीख मागताना मार्च ते जून सोडून मागा. नवीन पोटात तांब्याभर पाणी एकदम जात नाही, घोट घोट करून दिवसाला दीड-दोन लिटर भरवावं लागतं, आणि ४५ डिग्रीत ते पुरत नाही, किडनीवर येतं. जुलै-ऑगस्टमध्ये तुमच्या गावचा नाला चढून रस्ता बंद होत असेल तर ते पण टाळा, पहिल्या महिन्यात कधीही गाडी काढावी लागू शकते. दिवाळीनंतरचे दिवस बरे. तेव्हा कापूस वेचणी असते हे मला माहीत आहे, पण महिना-दीड महिना तुम्हाला गाठोडं उचलता येणार नाही, तेव्हा वेचणीला मजूर लावायचे पैसे आत्ताच हिशोबात धरा.